'अर्जंट' म्हणजे नक्की किती वेळात?

ब्रिटनमधल्या अनेक रुग्णालयांच्या अपघात विभागात रुग्ण आला की परिचारिका आधी त्याची पाहणी करते आणि त्याला एक रंग देते. मँचेस्टरमध्ये १९९०च्या दशकात आखलेली ही पद्धत आता इतर देशांतही चालते. लाल म्हणजे 'इमिजिएट': क्षणाचाही उशीर नको. केशरी म्हणजे 'व्हेरी अर्जंट': १० मिनिटांत डॉक्टरांनी पाहायचं. पिवळा म्हणजे 'अर्जंट', आणि त्याची मुदत आहे ६० मिनिटं. त्याखाली २ तासांचा हिरवा आणि ४ तासांचा निळा. निळ्याचं नावच 'नॉन-अर्जंट'.

हा क्रम पाहून मराठी वाचक चमकतो. आपल्या बोलण्यात 'अर्जंट' ही सगळ्यात वरची पायरी. तिच्यापुढे फार तर 'एकदम अर्जंट'. तिथे ती मधली पायरी आहे. त्याच देशात कॅन्सरची शंका आली की फॅमिली डॉक्टर रुग्णाला तज्ज्ञाकडे 'अर्जंट' म्हणून पाठवतात, आणि त्या चिठ्ठीवरच्या 'अर्जंट'ची मुदत अनेक वर्षं २ आठवडे होती. शस्त्रक्रियांची वर्गवारी करताना 'इमिजिएट' म्हणजे काही मिनिटांत, 'अर्जंट' म्हणजे काही तासांत, 'एक्स्पिडाइटेड' म्हणजे काही दिवसांत आणि 'इलेक्टिव्ह' म्हणजे सोयीची तारीख ठरवून, असं मानतात. विशेषण तेच, पण एका दालनात त्याचा अर्थ तासभर आणि दुसऱ्या दालनात पंधरवडा.

इंग्रजीतलं हे विशेषण 'हे मागे टाकून चालणार नाही' एवढंच सांगतं. किती वेळ मागे टाकता येईल, हे ते सांगत नाही. ती मुदत एक तर त्या त्या क्षेत्राच्या नियमात असते, नाही तर बोलणाऱ्याने स्वतः सांगायची असते. ती सांगितली नाही तर ऐकणारा आपल्या अंदाजाने धरतो, आणि चुकीच्या अंदाजाची किंमत कधी पैशांत मोजावी लागते, कधी तब्येतीत. हे विशेषण नीट समजून घ्यायला हवं ते एवढ्यासाठी.

शब्दाचं मूळ लॅटिन 'उर्गेरे' या क्रियापदात आहे. त्याचा अर्थ रेटणं, दाबणं, मागे लागणं. इंग्रजीतलं 'अर्ज' हे क्रियापद, म्हणजे एखाद्याला आग्रहाने प्रवृत्त करणं, त्याच घराण्यातलं. (आपला तहसील कचेरीत द्यायचा 'अर्ज' अरबीतून आला, त्याचं याच्याशी नातं नाही.) मूळ अर्थात वेगापेक्षा दाब जास्त आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. मराठीत त्याच्या सगळ्यात जवळचा शब्द 'निकडीचा'. 'तातडीचा' म्हटलं की आपल्याला किती झटपट हालचाल करायची ते समजतं. 'निकडीचा' म्हटलं की गरज किती नेटाने मागे लागली आहे ते समजतं. इंग्रजी शब्दात दोन्ही छटा आहेत, पण तोल निकडीकडे झुकतो. मराठी बोलण्यातला 'अर्जंट' मात्र पुरता घाईकडे झुकला आहे.

तो तसा का झुकला, याची कल्पना करता येते. हा शब्द मराठी घरांत पोचवण्यात तार आणि ट्रंक कॉल यांचा मोठा वाटा आहे. ट्रंक कॉल लावताना 'ऑर्डिनरी', 'अर्जंट' आणि 'लायटनिंग' असे प्रकार विचारले जात, आणि 'अर्जंट'ला साध्याच्या दुप्पट पैसे पडत. म्हणजे जादा पैसे भरून रांगेत पुढे जाणं, हा त्याचा व्यवहारातला अर्थ. देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण तो अर्थ शिंप्याच्या आणि फोटो स्टुडिओच्या 'अर्जंट चार्ज'मध्ये अजून जिवंत आहे. मराठीत हा वापर अगदी रास्त आहे. अडचण येते ती तोच अर्थ घेऊन आपण इंग्रजी लिहायला बसतो तेव्हा.

मग इंग्रजी लिहिताना काय पाळायचं?

पहिली गोष्ट, इंग्रजीत काम अर्जंट असतं, गरज अर्जंट असते, निरोप अर्जंट असतो. माणूस सहसा नसतो. घाईत असलेल्याने 'आय अ‍ॅम अर्जंट' म्हणायचं नाही, 'आय अ‍ॅम इन अ हरी' म्हणायचं. माणसाचा आवाज, कुजबुज, दारावरची थाप मात्र अर्जंट असू शकते. 'अ‍ॅन अर्जंट व्हिस्पर' म्हणजे जिच्यात काळजी आणि आग्रह दोन्ही ऐकू येतात अशी कुजबुज. कथा-कादंबऱ्या वाचताना ही छटा नेहमी भेटते, आणि तिथे 'तातडीची कुजबुज' असं मराठी करून भागत नाही.

दुसरी, आणि कचेरीतल्या पत्रांत सगळ्यात जास्त दिसणारी चूक: 'आय हॅव अ‍ॅन अर्जंट वर्क'. इंग्रजीत काम या अर्थाचा 'वर्क' मोजता येत नाही, म्हणून त्याच्या आधी 'अ‍ॅन' लागत नाही. 'सम अर्जंट वर्क' म्हणावं, नाही तर 'समथिंग अर्जंट'. शाळेच्या रजाअर्जात पिढ्यान्‌पिढ्या पाठ केलेलं वाक्य आठवा: 'अ‍ॅज आय हॅव अ‍ॅन अर्जंट पीस ऑफ वर्क अ‍ॅट होम'. आज ते जुनाट वाटतं, पण त्यातला 'पीस ऑफ' हा तुकडा नेमकी ही चूक टाळण्यासाठी आहे. ज्या शिक्षकांनी तो घोटून घेतला त्यांचं व्याकरण पक्कं होतं. राहिला 'अ‍ॅन'चा प्रश्न, तर तो उच्चाराने सुटतो. शब्दाची सुरुवात 'अ'ने होते म्हणून 'अ‍ॅन अर्जंट मीटिंग'. 'युनिट' किंवा 'युनिव्हर्सिटी'ला पहिलं अक्षर तेच असूनही उच्चार 'य'ने सुरू होतो, म्हणून तिथे नुसतं 'अ'.

तिसरी गोष्ट 'कॉल मी अर्जंट'. इथे क्रियापदाला जोडायचं आहे, म्हणून विशेषण चालत नाही. पण 'कॉल मी अर्जंटली' लिहूनही वाक्य सहज होत नाही. 'अर्जंटली' हे रूप गरज आणि शोध दाखवणाऱ्या क्रियापदांशी रमतं: 'अर्जंटली नीडेड', 'अर्जंटली रिक्वायर्ड', 'अर्जंटली सीकिंग'. येणं, जाणं, फोन करणं, पाठवणं यांच्यासाठी इंग्रजी बोलणारा माणूस 'राइट अवे', 'अ‍ॅट वन्स' किंवा 'अ‍ॅज सून अ‍ॅज यू कॅन' म्हणतो. तेव्हा 'प्लीज कॉल मी, इट्स अर्जंट' असे दोन तुकडे करावेत. पहिल्यात विनंती येते, दुसऱ्यात कारण.

परीक्षेला बसणाऱ्यांसाठी एक बारीक नियम. 'इट इज अर्जंट दॅट शी सी अ डॉक्टर' या वाक्यात 'सी' बरोबर आहे, 'सीज' नव्हे. निकड, आग्रह, आवश्यकता सांगणाऱ्या शब्दांनंतर क्रियापद मूळ रूपात ठेवायची ही रीत अमेरिकेत जास्त आहे. ब्रिटिश लेखनात 'शी शुड सी' असंही आढळतं.

आता शेजारचे शब्द. खरा गोंधळ तिथे आहे.

'इमिनंट' म्हणजे लवकरच होऊ घातलेलं, डोक्यावर येऊन ठेपलेलं. धरणातून पाणी सोडलं आणि नदीकाठच्या वस्तीला धोका निर्माण झाला, तर धोका 'इमिनंट' आणि वस्ती हलवण्याचं काम 'अर्जंट'. एक संकटाचं विशेषण, दुसरं त्यावरच्या कृतीचं. ('एमिनंट' हा तिसराच शब्द, त्याचा अर्थ नामवंत.) 'इमर्जंट' हा शब्द आपल्याकडे संस्थांच्या नोटिशीत 'तातडीची सभा' या अर्थाने सर्रास दिसतो. भारतात तो समजला जातो, अमेरिकेतले डॉक्टरही तो आणीबाणीच्या अर्थाने वापरतात, पण एरवी जगभर त्याचा अर्थ 'नव्याने उदयाला येणारं' असाच घेतला जाईल. परदेशी पत्रात तो टाळावा हे बरं. 'अ‍ॅट युअर अर्लिएस्ट कन्व्हीनियन्स' हे शब्द घाई सुचवतात असं समजून अनेक जण लिहितात. त्यातला 'कन्व्हीनियन्स' समोरच्याची सोय आहे. तुम्हाला जमेल तेव्हा करा, असं त्याला वाटलं तर दोष त्याचा नाही.

आणि मग 'इमर्जन्सी'. मुलं अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये आहेत आणि आईवडील काही महिने तिकडे राहायला जातात, अशी असंख्य मराठी घरं आज आहेत. त्यांच्यासाठी 'अर्जंट' आणि 'इमर्जन्सी' यांतला फरक जाण्याआधीच माहीत करून घ्यायची बाब आहे. अमेरिकेत 'अर्जंट केअर' असा फलक लावलेली छोटी केंद्रं गावोगावी दिसतात. फलक वाचून आपल्याला वाटतं, तातडीचा उपचार इथेच मिळणार. पण ती केंद्रं ताप, मुरगळलेला पाय, टाके घालण्याजोगी जखम, लघवीचा संसर्ग अशा, आजच दाखवायला हवं पण जीवाला धोका नाही, अशा त्रासांसाठी असतात. बरीचशी रात्री बंद असतात. छातीत दुखणं, श्वास अडकणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात उचलता न येणं, न थांबणारा रक्तस्राव, यांसाठी तिथे जाणं म्हणजे मोलाची मिनिटं घालवणं. त्यासाठी ९११ फिरवायचा, किंवा रुग्णालयाची 'इमर्जन्सी रूम' गाठायची. तिथलं बिल मोठं येतं या भीतीने ज्येष्ठ मंडळी दुखणं अंगावर काढतात. त्यांना एक गोष्ट घरच्यांनी आवर्जून सांगावी: १९८६ च्या एका कायद्यानुसार सरकारी 'मेडिकेअर' योजनेत सहभागी असलेल्या रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागाला, रुग्णाची पैसे देण्याची ऐपत न पाहता, त्याची तपासणी करून प्रकृती स्थिर करावीच लागते. इंग्लंडमध्ये हाच फरक दोन नंबरांत आहे. जीवावर बेतलं असेल तर ९९९. निकड आहे पण जीवाला धोका नाही, तर १११. आपल्याकडे ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे आणीबाणीचे नंबर आहेत. 'अर्जंट' या मधल्या पायरीसाठी तसा सर्वांच्या तोंडी बसलेला नंबर नाही, आणि ही पायरी आपल्या बोलण्यातून हरवण्याचं ते एक कारण असावं असं मला वाटतं.

वैद्यकीय कागदांवर 'अर्जन्सी' हे नाम दोन ठिकाणी भेटतं आणि दोन्हीकडे घरच्यांचा गैरसमज होतो. लघवीच्या तक्रारींत 'अर्जन्सी' म्हणजे अचानक लागणारी, रोखून धरणं कठीण जाणारी लघवीची भावना. ते एका लक्षणाचं नाव आहे. रुग्णाला ताबडतोब दाखल करा असा त्याचा अर्थ नाही. 'हायपरटेन्सिव्ह अर्जन्सी' असं लिहिलेलं असेल तर रक्तदाब १८०/१२० च्या वर गेला आहे, पण मेंदू, हृदय, मूत्रपिंड यांना इजा झाल्याची खूण नाही, असं डॉक्टर नोंदवत असतात. तशी खूण असेल तर शब्द बदलतो आणि 'हायपरटेन्सिव्ह इमर्जन्सी' होतो. हा फरक करणं डॉक्टरांचं काम. आपण आकडा पाहून घरी गोळीचा डोस वाढवू नये, फोन करावा.

दर्यावर्दी लोकांनी हा फरक सगळ्यात काटेकोरपणे जपला आहे. कोकणातल्या कितीतरी घरांतली मुलं मर्चंट नेव्हीत आहेत, त्यांना विचारा. जहाज बुडतंय, आग लागली आहे, माणसांचा जीव धोक्यात आहे, तर रेडिओवर तीनदा 'मेडे'. ही झाली 'डिस्ट्रेस'. इंजिन बंद पडलं आहे किंवा खलाशी आजारी आहे, मदत हवी पण जहाज या घडीला बुडत नाही, तर तीनदा 'पॅन-पॅन'. हिचं अधिकृत नाव 'अर्जन्सी'. चुकीची हाक दिली तर दुसऱ्या कुणाच्या जीवावरच्या संकटाकडे निघालेली मदत आपल्याकडे वळते, म्हणून तिथे सरसकट वरची पायरी धरायची सवय चालत नाही.

जमिनीवर या विशेषणाला सगळ्यात जास्त वजन कायद्यात आहे, आणि सामान्य माणसाला त्याची झळ लागते ती इथेच. सरकारविरुद्ध दावा लावायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० नुसार आधी २ महिन्यांची नोटीस द्यावी लागते. पण दिलासा 'अर्जंट ऑर इमिजिएट' स्वरूपाचा हवा असेल तर न्यायालयाच्या परवानगीने नोटिशीशिवाय दावा दाखल करता येतो. घर पाडण्याची तारीख परवाची असेल तर २ महिने थांबायचं कसं, हा त्यामागचा विचार. व्यापारी दाव्यांत 'अर्जंट इंटरिम रिलीफ' मागितलेला नसेल तर दाव्याआधी मध्यस्थीची पायरी पार करावी लागते. वाणिज्य न्यायालय कायद्यात २०१८ मध्ये आलेल्या कलम १२अ ची ही अट सक्तीची आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. तिथे नुसता 'अर्जंट' शब्द घालून पायरी चुकवता येत नाही. निकड खरी आहे की दाखवण्यापुरती, हे न्यायालय पाहतं. वकिलाशी बोलताना 'आमचं प्रकरण अर्जंट आहे' म्हणून थांबू नका. कोणत्या तारखेला काय घडणार आहे आणि ते घडल्यावर परत भरून का येणार नाही, हे कागदानिशी सांगा.

आणि याच शब्दाने शेतकऱ्यांचं केवढं नुकसान केलं तेही सांगायला हवं. १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम १७ मध्ये 'अर्जन्सी'ची तरतूद होती. ती लावली की जमीनमालकाची हरकत ऐकून घेण्याची पायरी गाळता येत असे. ज्याची जमीन जाणार त्यालाच बोलू न देण्याची ताकद एका शब्दात होती, आणि तो शब्द वापरायचा की नाही हे जमीन घेणाराच ठरवत असे. हा अन्याय होता. २०१३ च्या नव्या कायद्याच्या कलम ४० ने त्याला बरीच वेसण घातली: देशाचं संरक्षण, राष्ट्रीय सुरक्षा, नैसर्गिक आपत्ती, किंवा संसदेच्या मान्यतेने ठरलेली अन्य आणीबाणी, एवढ्यांसाठीच आणि लागेल तेवढ्याच जमिनीपुरती. भूसंपादनाची नोटीस हाती आली तर तिच्यात तातडीचं कलम लावलं आहे का, हे सर्वांत आधी वाचा.

विधिमंडळाच्या भाषेत एक जोडी कायम दिसते: 'अर्जंट पब्लिक इम्पॉर्टन्स', म्हणजे तातडीच्या सार्वजनिक महत्त्वाची बाब. लक्षवेधी सूचना, स्थगन प्रस्ताव या आयुधांमागे हीच कल्पना आहे. बाब महत्त्वाची असेल पण आज घेतली नाही तरी चालत असेल, तर तिच्यासाठी दुसरे मार्ग आहेत. 'अर्जंट' आणि 'इम्पॉर्टंट' ही दोन वेगळी मापं आहेत, हा भेद अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५४ मध्ये एव्हान्स्टन इथल्या भाषणात एका माजी महाविद्यालयप्रमुखांचा हवाला देऊन मांडला, आणि पुढे स्टीफन कव्ही यांच्या १९८९ च्या पुस्तकाने तो कचेऱ्याकचेऱ्यांत नेला. इंग्रजी लिहिताना एवढं पुरे की एकाच्या जागी दुसरा शब्द चालत नाही. वार्षिक आरोग्य तपासणी महत्त्वाची आहे, अर्जंट नाही. वाजणारा फोन अर्जंट वाटतो, महत्त्वाचा असेलच असं नाही.

आता रोजच्या मेलचं. केंद्र सरकारच्या कार्यालयीन कार्यपद्धतीत फायलींवर 'इमिजिएट', 'प्रायॉरिटी' आणि 'टॉप प्रायॉरिटी' असे निकडीचे शिक्के ठरवून दिले आहेत. म्हणजे निकडीलाही प्रतवारी आहे. खासगी कचेऱ्यांत अशी प्रतवारी बहुधा नसते, आणि विषयाच्या ओळीत मोठ्या अक्षरांत 'अर्जंट' आणि पुढे तीन उद्गारचिन्हं एवढंच येतं. वाचणाऱ्याला त्यातून फक्त पाठवणाऱ्याची घालमेल समजते. त्याऐवजी विषयाच्या ओळीत काम आणि वेळ लिहा: 'टेंडरवर सही हवी, आज दुपारी ३ पर्यंत'. मेलच्या पहिल्या वाक्यात उशीर झाला तर काय होईल ते लिहा: 'पोर्टल ४ वाजता बंद होतं'. एवढं लिहिल्यावर 'अर्जंट' शब्द बहुतेक वेळा गाळता येतो. वापरलात तरी मग तो पोकळ वाटत नाही, कारण त्याच्या पाठीशी मुदत आणि कारण दोन्ही असतात. वरिष्ठांना लिहिताना 'अर्जंट' आज्ञेसारखं वाटेल अशी भीती असेल, तर 'टाइम-सेन्सिटिव्ह' हा शब्द सौम्य पडतो. परदेशातल्या सहकाऱ्याला वेळ कळवताना ती भारताची की त्याच्याकडची, हे जरूर लिहा. यावरून होणारे घोटाळे व्याकरणाच्या चुकांपेक्षा जास्त महाग पडतात.

हीच कसोटी आपल्याला येणाऱ्या निरोपांनाही लावा. आज रात्री वीज तोडली जाईल, खातं गोठवलं जाईल, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत, अशा निरोपांत 'अर्जंट' हा शब्द ठळक असतो आणि मुदत फार जवळची असते. मात्र कारण तपासायला ते तुम्हाला सवड देत नाहीत. खरी निकड असलेला माणूस तुम्हाला शाखेत जाऊन विचारू देतो, छापील बिलावरच्या नंबरला फोन करू देतो. फसवणारा 'फोन ठेवू नका' म्हणतो. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये 'डिजिटल अरेस्ट'बद्दल बोलताना थांबा, विचार करा, मग कृती करा, हाच क्रम सांगितला होता. अशा फोनवर कुणीही कितीही अधिकाराने बोलत असलं तरी फोन ठेवून द्या आणि घरातल्या कुणाशी तरी बोला.

पैसे गेलेच असतील, तर मात्र लाजेपायी किंवा घरच्यांच्या भीतीने तास घालवू नका. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा राष्ट्रीय नंबर आहे. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळवली जाते, आणि ती वाटेत अडवता येते ती बँकांना वेळेत खबर मिळाली तरच. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि आपल्या बँकेचं नाव हाताशी ठेवून फोन लावा, आणि मग आपल्या बँकेलाही कळवा.